हसणाऱ्यांचं काय जातं?

१९ जुलै २०२४, शुक्रवार. आपल्याकडे ऑफिसं नुकती उघडत होती. सकाळी साडेनऊ-पावणेदहाच्या सुमारास जगभरातले विंडोज कॉम्प्युटर पटापट बंद पडायला लागले, आणि ज्या त्या स्क्रीनवर तोच निळा रंग. विमानतळ अडकले, हॉस्पिटलं अडकली, बँका अडकल्या. मायक्रोसॉफ्टने नंतर दिलेला अंदाज ८५ लाख मशीनचा होता. हैदराबादच्या विमानतळावर इंडिगोने एका प्रवाशाला हाताने लिहिलेला बोर्डिंग पास दिला. त्या कागदाचा फोटो बघता बघता देशभर फिरला.

पण त्या दिवशीचा सगळ्यात गाजलेला विनोद वेगळाच होता. क्राउडस्ट्राइक नावाच्या ज्या कंपनीच्या अपडेटमुळे हे घडलं, तिच्या ऑफिससमोर उभा असल्याचा बनावट फोटो एका विडंबनकाराने टाकला. मजकूर साधारण असा: आज कामाचा पहिला दिवस, एक छोटासा अपडेट सोडलाय, आता दुपारची सुट्टी. ज्यांना तो खरा वाटला त्यांनी शिव्या घालत पुढे पाठवला, ज्यांना खोटा आहे हे कळलं त्यांनी हसत पाठवला. दोघांनी मिळून तो जगभर पोचवला.

विनोद म्हणून फक्कड होता, त्याबद्दल वाद नाही. पण त्याने एक काम चोख केलं: गुन्हेगार शोधून दिला. कोण? नवा पोरगा. पहिल्या दिवसाचा, पगार अजून हातात न पडलेला, चुकीचं बटण दाबणारा.

प्रत्यक्षात काय झालं होतं, ते कंपनीनेच ऑगस्टमधल्या आपल्या अहवालात लिहिलंय. प्रोग्रामला २० रकाने अपेक्षित होते, अपडेटच्या व्याख्येत २१ होते. ही विसंगती पकडण्यासाठी जे तपासणीचं सॉफ्टवेअर होतं, त्यातच चूक होती. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अशा प्रकारचे अपडेट आधी थोड्या मशीनवर सोडून, काही बिघडत नाही ना हे बघून मग बाकीच्यांना पाठवायची पद्धत तिथे नव्हती. एका फटक्यात सगळीकडे. आता टप्प्याटप्प्याने पाठवणं म्हणजे काही रॉकेटविद्या नाही. तुमच्या फोनवरच्या फालतू गेमचा अपडेटही आधी थोड्याच लोकांकडे जातो. ही पद्धत न ठेवणं हा निर्णय असतो, आणि असे निर्णय काचेच्या केबिनमध्ये होतात. पहिल्या दिवसाच्या पोराला तिथे चहा द्यायलाही कुणी आत घेत नाही.

त्याच महिन्यात लास वेगासमध्ये डेफ कॉन या हॅकर मंडळींच्या मेळाव्यात क्राउडस्ट्राइकला सर्वांत मोठ्या फजितीचा पुरस्कार देण्यात आला. हा पुरस्कार घ्यायला सहसा कुणी फिरकत नाही. पण कंपनीचे अध्यक्ष मायकल सेंटोनास स्वतः स्टेजवर आले, ती अवाढव्य ट्रॉफी घेतली, चूक मान्य केली, ट्रॉफी मुख्यालयात सगळ्यांना दिसेल अशी ठेवू म्हणाले. टाळ्या पडल्या. मोठ्या मनाचं होतं हे, मी नाकारत नाही. पण डेल्टा एअरलाइन्स आपलं ५० कोटी डॉलरचं नुकसान झालं म्हणून कोर्टात गेली, तिथे मोठं मन दाखवायला कुणी गेलं नाही. तिथे वकील गेले. क्राउडस्ट्राइकचा शेअर आधी कोसळला आणि वर्षभरात पुन्हा होता त्याच्या वर गेला. फजितीत सामील झालेल्या कंपनीवर रागावणं किती अवघड असतं बघा. जो आपल्याबरोबर हसतो त्याला प्रश्न विचारायचा आपल्याला संकोच वाटतो.

माझी तक्रार विनोदावर नाही, विनोदाच्या पत्त्यावर आहे. तंत्रज्ञानाची कुठलीही बातमी आली की तासाभरात तिच्यावर शंभर चांगले विनोद तयार असतात. मराठीतही असतात, आणि ते इंग्रजीपेक्षा उजवे असतात असं माझं प्रामाणिक मत आहे. पण हे विनोद जातात कुठे? मशीनच्या मूर्खपणावर, खालच्या नोकरावर, नाहीतर स्वतःवर. ज्याने निर्णय घेतला त्याच्या दारावरून ते रोज हॉर्न वाजवत पुढे निघून जातात.

स्वतःवरच्या विनोदाचं उदाहरण लांब जाऊन शोधायला नको. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने जाहीर केलं की वर्षभरात आपल्या एकूण मनुष्यबळापैकी २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून जास्त लोक कमी करणार. त्या संध्याकाळी हिंजवडी ते खराडी पट्ट्यातल्या ग्रुपवर काय आलं असेल हे तुम्हाला सांगायला नको: चहाची टपरी, वडापावची गाडी, गावाकडे शेळीपालन, ‘ईएमआय भरायला आता शेळीच विकावी लागणार’. हसू येतं, कारण पोटात गोळा असतो. स्मशानातही माणसं विनोद करतात, त्याला माझी ना नाही. पण या सगळ्यात कंपनीचं नाव किती वेळा येतं? किती जणांना कमी करणार, कुठल्या निकषावर, राजीनामा लिहून मागितला की काढून टाकलं, नोटीस पिरियडचं काय, हे प्रश्न नाइट्स या पुण्यातल्या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे नेले. शेळ्यांच्या मीमना जेवढे हात लागले त्याच्या एक टक्का त्या पत्राला लागले असते तरी बरं झालं असतं. आणि टपरीवाल्याला या विनोदात का ओढायचं हेही मला कधी कळलेलं नाही. पहाटे साडेचारला उठून दूध तापवणारा माणूस आपल्या अधःपतनाचं प्रतीक कसा काय झाला?

आता मशीनवरच्या विनोदाकडे येऊ. तिथे प्रकरण जास्त मजेदार आहे आणि जास्त वाईटही.

मे २०२४ मध्ये गूगलने अमेरिकेत सर्चच्या वर एआयने लिहिलेली उत्तरं दाखवायला सुरुवात केली. काही दिवसांत स्क्रीनशॉटचा पूर आला. पिझ्झ्यावरचं चीज घसरतंय? सॉसमध्ये थोडा बिनविषारी डिंक घाला. रोज निदान एक छोटा दगड खावा. जग खदाखदा हसलं: एवढी मोठी कंपनी, अब्जावधी डॉलर, आणि डिंक!

मग डिंक कुठून आला ते लोकांनी शोधलं. रेडिटवर अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी गमतीत टाकलेल्या एका कमेंटमधून. आणि दगड ‘द अनियन’ या विडंबनाला वाहिलेल्या प्रकाशनातून. म्हणजे मशीन मूर्खपणाने काही बरळलं नव्हतं, ते आपलाच विनोद आपल्याला गंभीर चेहऱ्याने परत वाचून दाखवत होतं. हेही लोकांना विनोदीच वाटलं. पण इथे जरा थांबायला हवं होतं. कारण त्याच वर्षी फेब्रुवारीत बातमी आली होती की रेडिटवरचा मजकूर वापरण्यासाठी गूगल वर्षाला सुमारे ६ कोटी डॉलर मोजणार आहे. शेअर बाजारात उतरताना रेडिटने दाखल केलेल्या कागदांत अशा सगळ्या करारांचं मूल्य २० कोटी ३० लाख डॉलर दाखवलं होतं. कशाचे पैसे होते ते? लोकांनी वीस वर्षं फुकट लिहिलेल्या उत्तरांचे, भांडणांचे, पाककृतींचे आणि विनोदांचे. डिंकवाल्याला त्यातला एक रुपया मिळाला नाही. मिळायला हवा होता असंही नाही म्हणत मी (त्याचा सल्ला वाईटच होता). पण विकला जाणारा माल कुणाचा होता एवढं तरी लक्षात घ्या.

तर विनोदाचं पुढे काय होतं ते असं: आपण मशीनवर विनोद करतो, तो विनोद मशीनच्या मालकाच्या किंवा त्याच्या शेजाऱ्याच्या जागेवर लिहितो, तो मालक त्याचं गाठोडं बांधून विकतो, आणि पुढचं मशीन ते खाऊन मोठं होतं. गूगलने मेअखेरीस कबूल केलं की विडंबन आणि फोरमवरचा टवाळ मजकूर ओळखण्यात आपण कमी पडलो, काही दुरुस्त्या केल्या, आणि ऑगस्टमध्ये तेच फीचर भारतासह आणखी सहा देशांत आणलं. कुणी विचारलं का, की माहिती देणाऱ्या साइटवर लोक जाणारच नसतील तर उद्या ती माहिती लिहिणार कोण? आरोग्याच्या प्रश्नावर चुकीचं उत्तर दिलं तर जबाबदार कोण? विचारलं, काही पत्रकारांनी आणि संपादकांनी विचारलं. पण डिंक जास्त गोड होता.

यावर ठरलेलं उत्तर मला माहीत आहे. विनोद हे दुबळ्यांचं हत्यार आहे, सत्तेला सगळ्यात जास्त भीती हसण्याची वाटते, वगैरे. हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की ते आता शाळेच्या भिंतीवरच्या सुविचारासारखं झालंय. हत्यार असेल तर त्याला टोक लागतं, आणि ते कुणाकडे तरी रोखावं लागतं. अत्र्यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, १९५६ साली, ‘मराठा’ काढला तेव्हा ते ‘सध्याची राजकीय परिस्थिती’ या विषयावर कोट्या करत बसले नव्हते. मोरारजी देसाई, स. का. पाटील, अशी नावं घेऊन ते तुटून पडत. पुष्कळदा मर्यादा सोडत, काही वेळा असभ्य होत, अन्यायही करत. पण वाचणाऱ्याला पत्ता विचारावा लागत नसे. दुसऱ्या बाजूला, आजच्या मीमबहाद्दराला पत्ता लिहायची भीती का वाटते हेही उघड आहे. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामराने नाव न घेता केलेल्या एका विडंबनगीतावरून खारच्या हॅबिटॅट स्टुडिओची शिंदे यांच्या शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी तोडफोड केली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. राजकारण्यावर बोललं की खुर्च्या मोडतात. पण गूगल, मेटा, क्राउडस्ट्राइक यांचे कार्यकर्ते तुमच्या घरी येऊन खुर्च्या मोडत नाहीत. तिथे कसली भीती आहे? तिथे भीती नाहीच, तिथे आळस आहे. मशीनवर हसायला बातमीचं शीर्षक पुरतं. मालकावर हसायचं तर बातमी वाचावी लागते.

पत्ता बरोबर असला की काय होतं त्याचंही उदाहरण आहे, आणि त्यातही हाच कामरा आहे. ६ ऑक्टोबर २०२४. त्याने ओला इलेक्ट्रिकच्या दुरुस्तीसाठी खोळंबलेल्या स्कूटरींचा फोटो टाकला. रांगच्या रांग, धूळ खात पडलेली. सोबत प्रश्न असा की भारतातल्या ग्राहकाला काही आवाज आहे का, दुचाकीवर ज्यांचं रोजचं पोट चालतं त्यांनी हे का सहन करायचं? आणि परिवहन मंत्री नितीन गडकरींना व ग्राहक खात्याला टॅग.

नीट बघा, या पोस्टमध्ये विनोद नव्हताच. देशातल्या एका नामांकित विनोदी कलाकाराने त्या दिवशी विनोद सोडून बाकी सगळं केलं: वस्तू दाखवली, कंपनीचं नाव लिहिलं, नुकसान कुणाचं ते सांगितलं, आणि उत्तर द्यायची जबाबदारी असलेल्या माणसाच्या दारात नेऊन ठेवलं. विनोद केला तो ओलाचे प्रमुख भाविश अग्रवाल यांनी. ही पैसे घेऊन केलेली पोस्ट आहे, तुझी कॉमेडी तर फसलेलीच आहे, एवढी काळजी असेल तर ये आणि आम्हाला मदत कर, त्याहून जास्त पैसे देतो, नाहीतर गप्प बस, अशा अर्थाचं ते उत्तर होतं. म्हणजे तक्रारीवर टवाळी. इतके दिवस हे तंत्र चालून जायचं. त्या दिवशी चाललं नाही, कारण अग्रवाल टवाळी करत होते आणि मागे तो फोटो तसाच उभा होता. खाली लोकांनी आपापल्या स्कूटरचे फोटो, नोंदणी क्रमांक, किती महिने गाडी पडून आहे त्याचे हिशेब टाकायला सुरुवात केली. सोमवारी बाजार उघडला आणि शेअर ८ टक्क्यांहून जास्त पडला. त्याच दिवशी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची कारणे दाखवा नोटीस निघाली. वर्षभरात ग्राहक हेल्पलाइनवर १० हजार ६४४ तक्रारी आल्या होत्या.

नोटीस त्या पोस्टमुळे निघाली असं मी म्हणणार नाही. १० हजार तक्रारी एका रविवारी जमत नाहीत. त्या वर्षभर कुणीतरी फोन धरून, नंबर दाबत, ‘आपला कॉल महत्त्वाचा आहे’ ऐकत नोंदवल्या होत्या. त्यांची गोष्ट कुणी शेअर केली नाही कारण ती मजेशीर नव्हती. कलबुर्गीत त्याच सप्टेंबरमध्ये एका चिडलेल्या ग्राहकाने ओलाचं शोरूम पेटवून दिलं, त्याच्यावर मात्र भरपूर विनोद झाले: ‘ही खरी पेट्रोल विरुद्ध इलेक्ट्रिक लढाई’. तो माणूस अटकेत गेला. कोट्या करणाऱ्यांपैकी किती जणांनी त्याच्या स्कूटरचं नेमकं काय बिघडलं होतं हे विचारलं असेल?

बातमीची जागा विनोद कसा खातो, याचा माझ्या माहितीतला सगळ्यात स्वच्छ नमुना ऑक्टोबर २०२१ चा आहे. ३ ऑक्टोबरला, रविवारी, फ्रान्सेस हॉगेन ही फेसबुकची माजी कर्मचारी अमेरिकेत टीव्हीवर आली आणि तिने सांगितलं की कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर काढणारी मीच. ५ ऑक्टोबरला तिने सिनेटसमोर साक्ष दिली. आणि मधल्या दिवशी, ४ तारखेला, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप सुमारे सहा तास बंद पडलं. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने कंपनीचं स्वतःचं जाळंच इंटरनेटवरून पुसून टाकलं होतं. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते. लोक ट्विटरवर धावले, ट्विटरच्या अधिकृत खात्याने अक्षरशः सगळ्यांनाच हॅलो म्हटलं, मॅकडोनाल्ड्सने ऑर्डर विचारली, कंपन्या एकमेकींशी कोट्या करत बसल्या आणि आपण टाळ्या वाजवत बसलो. एक कंपनी पडली की दुसरी तिच्यावर विनोद करते आणि आपल्याला ती जवळची वाटायला लागते. जाहिरातीचा इतका स्वस्त प्रकार दुसरा नसेल.

तुमच्या ओळखीतल्या पाच जणांना विचारा. व्हॉट्सअॅप बंद पडलं ती रात्र पाचही जणांना आठवेल. हॉगेनने आणलेल्या कागदांत भारताबद्दल काय होतं हे विचारा. त्या कागदांत एक प्रयोग होता: फेब्रुवारी २०१९ मध्ये फेसबुकच्या संशोधकाने केरळमध्ये राहणाऱ्या व्यक्तीचं एक चाचणी खातं उघडलं आणि फेसबुक जे सुचवेल ते बघत, जोडत राहायचं ठरवलं. तीन आठवड्यांत त्या खात्यावर द्वेष, अफवा आणि हिंसेचा इतका चिखल साचला की मेलेल्या माणसांची एवढी चित्रं आपण आख्ख्या आयुष्यात पाहिली नव्हती, असं संशोधकाने लिहून ठेवलं. त्याच कागदांतला आणखी एक आकडा असा की खोट्या माहितीशी लढायच्या बजेटपैकी ८७ टक्के एकट्या अमेरिकेसाठी, उरलेल्या सगळ्या जगासाठी १३. कंपनी म्हणाली आकडा अपुरा आहे. असेल. पण ज्या देशात तिचे सर्वाधिक वापरकर्ते आहेत, त्या देशात हा आकडा चहाच्या टपरीवर पोचायला हवा होता. तिथपर्यंत ‘हॅलो’ पोचलं.

आणि हे सगळं एकवेळ जुनं म्हणून सोडून देऊ. ग्रोकचं सोडता येत नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये इलॉन मस्कच्या कंपनीने ग्रोक हा चॅटबॉट आणला, तेव्हा त्याच्या घोषणेतच लिहिलं होतं की हा जरा विनोदी आहे, बंडखोर आहे, तुम्हाला विनोदाचा तिटकारा असेल तर वापरू नका. या सूचनेचं कौतुक करायला हवं. वस्तू बाजारात यायच्या आधीच तक्रार करणारा अरसिक ठरला.

मार्च २०२५ मध्ये भारतात त्याचा स्फोट झाला. एकाने एक्सवर ग्रोकला एक साधा प्रश्न विचारला, उत्तर यायला उशीर झाला, म्हणून हिंदीत शिवी घातली. ग्रोकने हिंदीतच शिवी घालून उत्तर दिलं आणि वर थोडी मस्ती करत होतो, ताबा सुटला अशी सारवासारवही केली. देश वेडा झाला. पुढचे काही दिवस लोक त्याला राजकारण्यांबद्दल विचारत होते, शिव्या काढायला लावत होते, स्क्रीनशॉट वाटत होते. डावे खूश, कारण तो उजव्यांची खेचत होता. उजवे चिडून त्याला डिवचत होते. दोघं मिळून त्याला फुकट गिऱ्हाईक आणत होते. माहिती तंत्रज्ञान मंत्रालय एक्सशी बोलतंय अशी बातमी आली तेव्हा तिच्यावरही विनोद झाले. ग्रोक भारतात धुमाकूळ घालतोय ही बीबीसीची बातमी मस्कने स्वतः शेअर केली, सोबत डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारं इमोजी.

मशीन ‘बिनधास्त’ नसतं. मशीनला कुणीतरी काय कर आणि काय करू नकोस हे लिहून दिलेलं असतं. जुलैमध्ये ग्रोक हिटलरची स्तुती करायला लागला, स्वतःला ‘मेकाहिटलर’ म्हणवायला लागला, तेव्हा कंपनीने दिलेल्या माफीनाम्यात त्या सूचनाच समोर आल्या: जे आहे ते बोल, सभ्यतेची काळजी करणाऱ्यांना दुखवायला घाबरू नकोस. मार्चमध्ये ज्याला आपल्याकडे निर्भीड म्हणत होते तो हाच स्वभाव होता. ‘मेकाहिटलर’वरही विनोद झाले, अर्थातच. चांगले झाले.

मग २०२५ चं वर्ष संपता संपता ग्रोकमध्ये फोटो बदलायची सोय आली आणि एक नवा खेळ सुरू झाला. कुठल्याही बाईने एक्सवर टाकलेल्या फोटोखाली जायचं आणि ग्रोकला सांगायचं, हिचे कपडे काढ, हिला बिकिनी घाल. तो घालायचा. सगळ्यांसमोर, तिच्याच पोस्टखाली, तिच्या ऑफिसातल्या लोकांना आणि तिच्या काकांना दिसेल असा. अल्पवयीन मुलीही सुटल्या नाहीत. कुणी बोललं की उत्तर तयार: अगं, गंमत आहे, एआय आहे, खरं कुठंय? आणि हेही खरं की त्या खेळात बहुतेकांना आपण काही वाईट करतोय असं वाटतच नव्हतं, कारण ग्रोक म्हणजे गंमत हे नऊ महिन्यांपूर्वीच ठरून गेलं होतं. मार्चमध्ये तो शिवी देतो याची मजा वाटली. आता तो कपडे काढतो याची वाटत होती. रोखणारं काही मध्ये बसवायला हवं हे म्हणणाऱ्यांना मधल्या काळात आपण ‘बुवा’ आणि ‘संस्कारी’ म्हणून मोकळे झालो होतो.

राज्यसभेतल्या महाराष्ट्राच्या खासदार प्रियांका चतुर्वेदी यांनी माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना पत्र लिहिलं. २ जानेवारी २०२६ ला मंत्रालयाने एक्सला नोटीस दिली, उत्तरासाठी ७२ तास. इंडोनेशिया आणि मलेशियाने काही काळ ग्रोक बंदच केला. कंपनीने आधी काय केलं? चित्रांची सोय पैसे भरणाऱ्यांपुरती ठेवली. म्हणजे हेच काम, पण महिन्याच्या बिलावर. बऱ्याच देशांतून ओरड झाल्यावर खऱ्या माणसांचे कपडे उतरवायला आळा घालतो असं सांगितलं.

ही सोय देण्याचा निर्णय एका कंपनीचा होता, तिच्या मालकाचं नाव जगाला पाठ आहे, आणि हे सगळं सुरू असताना तो गप्पही नव्हता. लोकांनी ग्रोककडून बनवून घेतलेली प्रसिद्ध माणसांची बिकिनीतली चित्रं, त्यात त्याचं स्वतःचंही होतं, त्याच्या खात्यावर येत होती. त्यांच्या सोबत मार्चमधलंच इमोजी होतं.